लाल टोपीतला टग

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हॅलिफॅक्स हे मृत्यूंचा हिशेब ठेवणारं बंदर आहे. तिथल्या ‘मेरीटाइम म्युझियम ऑफ द अटलांटिक’मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांसाठी एक दालन आहे आणि १९१७च्या महास्फोटासाठी दुसरं. दुसऱ्या महायुद्धात इथून निघालेले ताफे आहेत, बुडालेली शिडाची जहाजं आहेत. आणि याच संग्रहात लाल टोपी घातलेला, टपोऱ्या डोळ्यांचा एक हसरा टगही आहे. त्याचं नाव थिओडोर. टग म्हणजे मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट; पण तो कधी खऱ्या समुद्रात गेला नाही, त्याने एकही जहाज ओढलं नाही. लहान मुलांच्या एका दूरचित्रवाणी मालिकेतलं ते मॉडेल आहे. मालिका संपल्यावर सोबतीच्या मॉडेल्ससह त्याची रवानगी या संग्रहालयात झाली.

पहिल्यांदा ऐकताना हे थोडं खटकतं. नौकानयनाचा इतिहास सांभाळणाऱ्या गंभीर संस्थेने खेळण्यांना जागा का द्यावी? तिकीटविक्री वाढावी, मुलं रमावीत, आईबाप दोन तास थांबावेत, हा व्यवहार त्यात नसेल असं मानण्याइतकं भोळं असायचं कारण नाही. पण मालिका, बंदर आणि संग्रहालय यांचं नातं पाहत गेलं की हा टग तिथे पाहुणा वाटेनासा होतो. तो त्या बंदराच्याच घरचा.

‘थिओडोर टगबोट’ ही मालिका हॅलिफॅक्सच्या अँड्र्यू कॉक्रन यांची. ते मुलाला घेऊन धक्क्यावर फिरायचे, तो बोटींबद्दल प्रश्न विचारायचा, आणि उत्तरं देता देता गोष्टी तयार झाल्या, असा तिचा उगम सांगतात. १९९३मध्ये ती कॅनडाच्या सीबीसीवर सुरू झाली आणि २००१पर्यंत तिचे १३० भाग निघाले. पुढे अमेरिकेतल्या पीबीएसवर आणि इतर अनेक देशांतही ती दिसली. ‘बिग हार्बर’ नावाच्या बंदरात पाच टग काम करतात: थिओडोर, हँक, एमिली, जॉर्ज आणि फोडक. त्यांच्यावर देखरेख करतो ‘डिस्पॅचर’. तो माणूस नाही, डोळे असलेली इमारत आहे. रोज सकाळी कामं वाटून देणारा हा मुकादम टगना धाकात ठेवतो, पण त्यांच्या मनातही असतो. कचऱ्याची बार्ज, पायलट बोटी, फेरीबोटी, बोया, धक्का, पूल, पाणबुडी, सगळ्यांना तोंड आहे आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

निवेदकही घरचाच निघाला. ‘हार्बरमास्टर’च्या वेशात गोष्ट सांगणारे आणि सगळ्या पात्रांना आवाज देणारे डेनी डोहर्टी हॅलिफॅक्समध्येच जन्मले होते. साठच्या दशकात ‘द मामाज अँड द पापाज’ या गाजलेल्या गायकवृंदातला एक आवाज त्यांचा. ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ गाणारा माणूस तीस वर्षांनी आपल्या गावच्या बंदरात बसून बार्ज आणि बोयांची भांडणं सोडवतो, हे मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत लोभस वाटतं. २००७मध्ये ते गेले.

पात्रांची नावं वाचताना नोव्हा स्कॉशियाचा नकाशा हळूहळू उलगडत जातो. कचऱ्याच्या बार्जचं नाव गायझबरो, म्हणजे तिथला एक परगणा. बोयाचं नाव बेडफर्ड. बेडफर्ड बेसिन म्हणजे हॅलिफॅक्स बंदराच्या आतला विशाल जलाशय, जिथे महायुद्धात ताफे जमायचे. ट्रुरो, डिग्बी, नॉर्थम्बरलँड हीही त्या प्रांतातल्याच गावांची आणि जलमार्गांची नावं. ब्लूनोज तर तिथलं लाडकं जहाज. १९२१मध्ये लुननबर्गला बांधलेली ही शर्यतींची स्कूनर १९३७पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे. मालिकेत तीही पात्र म्हणून येते. अमेरिकेतल्या मुलांना या नावांचा काहीच पत्ता नसणार. पण हॅलिफॅक्सचं मूल शाळेत जाण्याआधीच आपल्या प्रांताचा भूगोल पाठ करत होतं, तेही कुणी शिकवत आहे असं न वाटता.

चित्रीकरण मॉडेल्सवर व्हायचं. पाण्याने भरलेला टाकीसारखा सेट, त्यात धक्के, इमारती, पूल, आणि दूरनियंत्रणाने चालणाऱ्या तरंगत्या बोटी. डोळे हलायचे, तोंड हलत नसे. आजच्या संगणकी चित्रांना सरावलेल्या मुलाला ही मर्यादा विचित्र वाटेल; पण ज्याचं तोंड हलत नाही त्याचा आवाज मुलाला ऐकावा लागतो, आणि नुसत्या डोळ्यांकडे बघून राग, भीती, लाज ओळखावी लागते. छोट्या बोटीला खरी बोट म्हणून दाखवताना सगळ्यात अवघड असतं ते पाणी. बोट हव्या त्या प्रमाणात लहान करता येते, पाणी करता येत नाही. थेंब तेवढाच मोठा राहतो, लाट छोट्या टाकीत भरभर उठून भरभर विरते, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हे डबकं आहे. यावर जुना उपाय म्हणजे कॅमेरा जास्त वेगाने चालवून नंतर दृश्य संथ करणं, म्हणजे छोटी लाट जड वाटते. दुसरा उपाय, वादळं कमी दाखवणं. बंदरातलं संथ पाणी हे मॉडेलवाल्यासाठी वरदानच.

अशा मालिकेचा ब्रिटनमध्ये एक पूर्वसुरी आहे. १९८९ची ‘टग्ज’ ही केवळ तेरा भागांची मालिका. तिचे कर्ते ‘थॉमस द टँक इंजिन’च्या पहिल्या पर्वांशी जोडलेले होते. ती अकाली बंद पडली आणि तिची मॉडेल्स विखुरली. पुढे चाहत्यांनी पैसे जमवून त्यातली बरीच मिळवली, दुरुस्त केली. आज त्यांना घर मिळालंय ते डर्बीशरमधल्या बटर्ली इथल्या रेल्वे संग्रहालयाच्या परिसरात. समुद्रापासून दूर, रुळांच्या सोबतीत. चाहत्यांच्या मायेला नावं ठेवणारा मी कोण. त्यांच्याशिवाय ती मॉडेल्स कुठल्यातरी गोदामात कुजली असती. पण रेल्वेच्या आवारात टग पाहताना काहीतरी अर्धवट राहतं. थिओडोरचं तसं झालं नाही. त्याला मिळालेल्या छपराखालून, ज्या बंदरावरून तो बेतला गेला, ते बंदरच दिसतं.

या संग्रहालयाची सुरुवात १९४८मध्ये कॅनडाच्या नौदलातल्या काही अधिकाऱ्यांनी नौदल गोदीत केली आणि १९८२मध्ये ते आजच्या किनाऱ्यावरच्या जागेत आलं. रॉबर्टसन कुटुंबाचं जहाजसामानाचं जुनं दुकान तिथे मूळ जागीच जपलेलं आहे: दोर, कप्प्या, कंदील, डांबर, जे जे जहाजाला लागतं ते. बाहेर धक्क्याला ‘अकेडिया’ ही १९१३ची सर्वेक्षण-नौका बांधलेली असते. दोन्ही महायुद्धांत नौदलाची चाकरी केलेली ही नौका १९१७च्या स्फोटातूनही वाचली.

आता टगकडे येऊ, कारण मालिका नेमकी कशाची होती हे कळायला टगचं काम कळायला हवं. महाकाय जहाज समुद्रात वेगाने जात असतं तोवर ते स्वतःला सांभाळतं. सुकाणूवरून पाणी जोरात वाहतं, म्हणून ते वळतं. पण बंदरात वेग कमी केला की सुकाणूला पकड उरत नाही. पन्नास-साठ हजार टनांचा लोखंडी डोंगर मग वाऱ्याने आणि प्रवाहाने सरकू लागतो, आणि त्याला थांबवायला ब्रेक नावाची वस्तू नाही. तेव्हा बाजूला दोन-चार टग लागतात. दोर टाकून ओढणं, नाळेला टेकून ढकलणं, मागून रोखून धरणं. टगचं सगळं शरीर म्हणजे इंजिन. वर थोडी केबिन.

आणि धोका दोरात असतो. जहाज एका दिशेने जातंय, टग दोरावर आडवा राहिला, की ताणलेला दोर टगला बाजूने खेचतो. दोर वेळीच सोडता आला नाही तर टग कुशीवर पडतो आणि क्षणात उलटतो. दर्यावर्दी याला गर्टिंग म्हणतात आणि आजही त्यात माणसं जातात. दोर तुटला तर त्याचं टोक चाबकासारखं परत येतं, आणि वाटेतला माणूस कापला जातो. मोठ्या जहाजाच्या कप्तानाचं नाव वर्तमानपत्रात येतं, टगवरच्या खलाशाचं येत नाही. मालिकेने नायक निवडला तो या दुय्यम कामगारांतला. थिओडोर तर त्यांच्यातही खालच्या पायरीवर. तो बंदरापुरता टग. त्याचं स्वप्न एकच, कधीतरी महासागरात जाणारा टग व्हायचं.

म्हणून ती गोष्ट साहसाची नाही, कामाची आहे. सकाळी नेमून दिलेलं काम वेळेवर झालं की नाही, मोठ्या जहाजाला धक्क्याला लावताना धांदल झाली की नाही, कचऱ्याच्या बार्जला सगळे नाक मुरडतात तेव्हा कोण बरोबर जातं. अंधाऱ्या खाडीत जायला भीती वाटते, ती बोलून दाखवायची की लपवायची. आपल्याकडे बालसाहित्यात राजपुत्र, पऱ्या, बोलके प्राणी पुष्कळ, पण सकाळी डबा घेऊन कामावर जाणारा आणि संध्याकाळी थकून परत येणारा नायक क्वचित. मालिकेतल्या बंदरात अर्थातच संप नाही, पगार नाही, कुणाला कामावरून काढत नाहीत. तेवढी साखर मुलांच्या गोष्टीत असणारच.

एवढंच नाही, त्या बंदरातून सगळ्यात मोठी गोष्टही काढून टाकलेली आहे. ती या संग्रहालयाच्याच दुसऱ्या दालनात आहे.

६ डिसेंबर १९१७ची सकाळ. बेडफर्ड बेसिनकडून बाहेर पडणारं नॉर्वेचं ‘इमो’ चुकीच्या बाजूने, मर्यादेपेक्षा वेगाने येत होतं. वाटेत ‘स्टेला मॅरिस’ नावाचा टग दोन बार्ज ओढत वर निघालेला. त्याचे कप्तान होरेशिओ ब्रॅनन यांनी इमो येताना पाहिलं आणि आपला टग पश्चिम किनाऱ्याकडे घेतला. इमो आणखीच समोरच्या, पूर्वेच्या डार्टमथ किनाऱ्याकडे सरकलं. समोरून येत होतं फ्रान्सचं ‘मों ब्लां’. त्याच्या पोटात पिक्रिक ॲसिड, टीएनटी आणि गनकॉटन, आणि वर डेकवर बेन्झॉलची पिंपं. बंदराच्या अरुंद भागात टक्कर झाली, ठिणग्या उडाल्या, आग लागली. मों ब्लांच्या खलाशांनी होड्या टाकून किनारा गाठला; आत काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. जळतं जहाज वाहत वाहत हॅलिफॅक्सच्या सहा क्रमांकाच्या धक्क्याला लागलं. लोक खिडक्यांतून आग बघत होते.

ब्रॅनन यांनी बार्ज नांगरल्या आणि टग मागे वळवला. पंपाने पाणी मारून पाहिलं, आगीपुढे त्याचा काही उपयोग नव्हता. नौदलाच्या दोन जहाजांच्या छोट्या होड्याही आल्या. ठरलं असं, की मों ब्लांच्या मागच्या बाजूला दोर बांधून ते धक्क्यापासून ओढून न्यायचं. टगवरून पाच इंची दोर काढला. तो पुरणार नाही असं वाटलं, म्हणून दहा इंची दोर आणायला सांगितलं. तो दोर येण्याआधी, नऊ वाजून चार मिनिटांनी, मों ब्लां फुटलं.

जवळपास दोन हजार माणसं मेली, नऊ हजार जखमी झाली. मों ब्लांच्या नांगराचा अर्ध्या टनाहून जड तुकडा पावणेचार किलोमीटरवर जाऊन पडला. स्टेला मॅरिस किनाऱ्यावर फेकला गेला. त्यावरचे १९ जण गेले, ब्रॅनन स्वतःही. पाच वाचले, त्यांत ब्रॅनन यांचा मुलगा वॉल्टर होता.

मुंबईच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटलं, त्याच्या पोटात स्फोटकं होती, कापूस होता आणि सोन्याच्या विटाही. ते जहाज बांधलं होतं कॅनडातच, पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रुपर्टच्या गोदीत. दोन्ही बंदरांनी आग विझवायला गेलेल्या माणसांचे मृत्यू मोजले. मुंबईत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन.

‘बिग हार्बर’मध्ये असं काही घडत नाही. तिथला फोडक हा सुरक्षेचा टग. तो सतत सावध असतो, नियमांबद्दल काटेकोर असतो. त्याची थोडी चेष्टाही होते. पण ज्या गावाने एका टकरीने आपली उत्तर बाजू गमावली, त्या गावाने मुलांसाठी बंदर रचताना एक टग केवळ धोका ओळखण्यासाठी ठेवला, हा योगायोग असला तरी बोलका आहे. कॉक्रन यांना हे मुद्दाम सांगायचं होतं असा माझा दावा नाही. मी फक्त एवढं म्हणेन की बंदराची भीती गोष्टीतून गाळली, तरी बंदराची शिस्त गाळता आली नाही.

याच संग्रहालयात लहान मुलाच्या बुटांचा एक जोड आहे. टायटॅनिकनंतर ‘मॅके-बेनेट’ या केबल टाकणाऱ्या जहाजाने समुद्रातून प्रेतं गोळा केली. त्यांत अगदी लहान मूल होतं, अनोळखी. हॅलिफॅक्सच्या फेअरव्ह्यू लॉन स्मशानभूमीत त्याला पुरलं. स्मरणवस्तू जमवणाऱ्यांच्या हाती काही लागू नये म्हणून मृतांचे कपडे जाळायचे ठरले. क्लॅरेन्स नॉर्थओव्हर या पोलीस सार्जंटला ते बूट जाळवेनात, त्याने ते मेजाच्या खणात ठेवले. २००२मध्ये ते त्याच्या नातवाकडून संग्रहालयाला मिळाले. नंतर डीएनएच्या आधारे ते मूल फिनलंडचं तेरा महिन्यांचं बाळ असल्याचं जाहीर झालं. पण तेरा महिन्यांच्या बाळाला ते बूट मोठे वाटत होते. शंका टिकली, पुन्हा तपास झाला आणि २००७मध्ये त्या मुलाचं खरं नाव कळलं: सिडनी लेस्ली गुडविन, वय एकोणीस महिने, इंग्लंडचा. शास्त्राची चूक एका जोडीच्या मापाने दाखवून दिली.

मी हे बूट मुद्दाम मध्ये आणले. लहान मुलांच्या वस्तूंना संग्रहालयात दुय्यम लेखायची आपल्याला सवय आहे, कोपऱ्यातला रंगीत विभाग, जाता जाता बघायचा. हॅलिफॅक्समध्ये त्या सवयीला जागा नाही.

आता थिओडोरच्या जुळ्या भावाची हकिगत. मालिका ऐन भरात असताना, २०००मध्ये, ‘थिओडोर टू’ नावाची खरीखुरी बोट तयार झाली. नोव्हा स्कॉशियातल्या डेस्प्रिंग इथल्या स्नायडर गोदीत ती बांधली. सुमारे ६५ फूट लांब, लाल टोपी, टपोरे डोळे, सगळं मॉडेलबरहुकूम. ती अमेरिकेच्या बंदरांतून फिरली, मुलांना पाण्यावरच्या सुरक्षेचे धडे दिले. मग हॅलिफॅक्सला राहून पर्यटकांना बंदर दाखवू लागली, संग्रहालयापासून काही मिनिटांच्या अंतरावर. खरी जहाजं पाहून मॉडेल्स करतात. इथे खेळणं पाहून जहाज केलं, असं लोक गमतीने म्हणत.

पण हे उलटं नाही, उलट नोव्हा स्कॉशियात हीच जुनी रीत. तिथल्या लाकडी जहाजांच्या गोद्यांत आधी हाफ-मॉडेल कोरायचे: जहाजाच्या उभ्या अर्ध्या भागाची लाकडी प्रतिकृती. मिस्त्री ती हाताने तासायचा, डोळ्याने तपासायचा, मालक बोट फिरवून म्हणायचा, इथे थोडं पोट कमी कर. मग त्या मॉडेलवरून मापं घेऊन, मोठी करून, जहाज उभं राहायचं. प्रत्येक जहाज आधी छोट्या लाकडात होतं, मग पाण्यात. थिओडोर टू त्या परंपरेतलंच एक जहाज. फरक इतकाच की त्याच्या मॉडेलला डोळे होते.

पुढे त्याचं नशीब फिरलं. २०२१मध्ये ते विकलं गेलं आणि त्या उन्हाळ्यात सेंट लॉरेन्स नदीतून ओंटारिओतल्या हॅमिल्टनला गेलं, गोड्या पाण्याच्या सरोवरांत. हॅलिफॅक्सला बरंच वाईट वाटलं. आपला टग विकला, परप्रांतात गेला, ही भावना बंदरगावात सहज समजते. महासागरात जायचं स्वप्न पाहणारा थिओडोर शेवटी नदी चढून तळ्यात गेला, ही थट्टा मालिकेच्या लेखकांनाही सुचली नसती.

मागे राहिली ती मॉडेल्स. संग्रहालयात ती उभी आहेत, कोरडी. ज्या पाण्यासाठी ती घडवली ते पाणी नाही, डोळे हलवणारं कुणी नाही. ज्यांनी लहानपणी ही मालिका पाहिली ते आता तिशी-चाळिशीत आहेत आणि आपल्या मुलांना घेऊन येतात. मुलांना थिओडोर अनोळखी असतो, आईबापांना तो ओळखीचा. इतकी उलट ओळख लहान मुलांच्या कोपऱ्यात सहसा होत नाही.

नोव्हा स्कॉशियात शिकायला, नोकरीला गेलेली मराठी मंडळी आता कमी नाहीत. त्यांच्याकडे जाणार असाल तर एक सुचवतो. मुलाला आधी थिओडोर दाखवा आणि टग काय करतो ते सांगा. मग रॉबर्टसनच्या दुकानात नेऊन दोर दाखवा. जहाजाच्या दोराचं माप जाडीचं नसून घेराचं असतं, म्हणजे पाच इंची दोर मनगटाहून बारीक आणि दहा इंची दोर जवळपास दंडाएवढा; फरक हाताने कळेल. स्फोटाच्या दालनात त्यानंतर जा. मग स्टेला मॅरिसवर दहा इंची दोर का मागवला हे मुलाला समजावून सांगावं लागणार नाही.